अकरा चुली

पोशेरा,
२० नोव्हेंबर १९५६

प्रिय काशी,

पाकिटावर 'माननीय सदस्या, लोकसभा, नवी दिल्ली' असं घोटून घोटून लिहिलेलं दिसेल, ते आमच्या ह्यांचं अक्षर; अशी पाकिटं ते आधीच लिहून ठेवतात. तुझा पत्ता लिहायचा मान ते घरात दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आत मात्र मी आहे आणि मी काही तुला माननीय म्हणणार नाही. जव्हारच्या शाळेत माझ्या पाटीवरची गणितं उतरवून घेणारी तू, तुला कसलं माननीय म्हणायचं? रागावू नकोस. या पत्रात रागवायला पुढे भरपूर जागा आहे, सगळा राग पहिल्याच ओळींवर खर्च करू नकोस.

आधी इकडची खबर. भात कापून झालं, नागली खळ्यावर आली आहे. माझ्या शाळेचा पट सत्तावीसचा, त्यातली चौदा-पंधरा मुलं समोर बसतात, बाकीची गुरांमागे. मी आठवडाभर इथे पोशेऱ्याला माहेरच्या घरात राहते आणि शनिवारी दुपारी जव्हारला जाते. चंद्रकला आठ वर्षांची झाली. ती तिच्या बापाजवळ जव्हारलाच शिकते. तिचा सध्याचा खेळ ऐक. धान्याचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर उभी राहते, पदर म्हणून माझा टॉवेल खांद्यावर घेते आणि म्हणते, मी काशीमावशी, मला बोलू द्या. मग शेजारच्या मुली डबे बडवतात. मी एकदा विचारलं, आणि तुझी आई तुळशी कोण होणार गं? तर म्हणाली, आई, तुळशी होऊन काय करायचं असतं? मी हसले. तुला सांगते, हसताना माझं तोंड दुखलं.

हेवा वाटतो म्हणायला लोकांना लाज वाटते. मला आता वाटत नाही. तुझा हेवा मला गेली आठ वर्षं वाटतो आहे, आणि त्याची सुरुवात तुला आठवत नसेल इतकी साधी आहे. संस्थान विलीन झालं त्या वर्षी राजवाड्याच्या मैदानात सभा झाली. मुंबईहून साहेब लोक आले होते. बायकांच्या वतीने कुणीतरी चार शब्द बोलावेत असं ठरलं आणि ते भाषण मी लिहिलं होतं, मीच बोलणार होते. पोटात चंद्रकला, सहावा महिना. मंचावर चढायच्या वेळी मी समोर पाहिलं, तर सूर्यमाळपासून विक्रमगडपर्यंतची माणसं उन्हात बसलेली. मी एक पाऊल मागे घेतलं. तू शेजारी उभी होतीस. तो कागद मी स्वतःच्या हाताने तुझ्या हातात दिला. तू असा वाचलास की जणू आत्ताच सुचतंय. खाली उतरलीस तेव्हा लोक तुला विचारत होते, मुली, तू कुणाची? त्या दिवशी तुला ज्यांनी पाहिलं, त्यांनीच तीन वर्षांनी तुला निवडणुकीला उभं केलं. मी तेव्हा तीन वर्षांच्या पोरीचे कपडे वाळत घालत होते. तू काही हिसकावून घेतलं नाहीस, मीच दिलं. म्हणून तर जास्त झोंबतं. तू चोरलं असतंस तर मी चार जणींत तुला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

तू दिल्लीला गेलीस आणि पहिलं वर्षभर तुझ्या नावापुढे काहीच छापून आलं नाही. खोटं कशाला बोलू, ते वर्ष मला फार बरं गेलं. मग अंदाजपत्रकाच्या चर्चेत जाड्याभरड्या कापडावरच्या कराबद्दल तू बोललीस. म्हणालीस, आमच्याकडची बाई एक लुगडं दोन तुकडे करून नेसते, त्यातल्या कुठल्या तुकड्यावर कर आहे ते अर्थमंत्र्यांनी सांगावं. लोकसभेच्या कामकाजाची छापील पुस्तकं तू पाठवतेस ना, त्यात कंसात आलं होतं की सभासदांनी बाकं वाजवली. आमच्या ह्यांनी त्या पानाला खूण घातली. मामलेदार कचेरीतला साधा कारकून माणूस, पण तुझं पुस्तक आलं की ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतात. तुझं हिंदी वाचताना आवाज चढवतात. त्या हिंदीला अजून जव्हारचा घाट चढताना धाप लागते हे फक्त मला कळतं, मी बोलत नाही. तेरा वर्षांच्या संसारात माझं एक पत्र त्यांनी दोनदा वाचलेलं नाही.

पुढच्या वर्षी तू जंगल कामगारांच्या सोसायट्यांवर बोललीस. ठेकेदार लाकूड कसं मोजतो, कोळशाच्या भट्टीवर नवराबायको दोघं राबली तरी हजेरी एकाचीच कशी लागते, हे सगळं मी तुला लिहून पाठवलं होतं. तू त्यात स्वतःचं एक अक्षर घातलं नव्हतंस, आणि सुरुवात केलीस, 'मेरी एक सहेली मुझे लिखती है.' एक सहेली. मी ती ओळ इतक्या वेळा वाचली की पानाचा तो कोपरा मऊ पडला. सहेलीला नाव नसतं का गं? निदान गाव तरी? पण चल, सहेली तरी होते. पंचावन्न साली दुसऱ्या योजनेच्या आराखड्यावर बोललीस तेव्हा तीही नव्हते. 'पोलादाचे कारखाने हवेतच, पण त्या पोलादाची एक बादली तरी सूर्यमाळच्या विहिरीपर्यंत पोचू द्या.' हे वाक्य मी तुला श्रावणात लिहिलं होतं. चुलीपुढे बसून, भाकरी करपवून लिहिलं होतं. मुंबईच्या वर्तमानपत्राने ते चौकटीत छापलं, वर तुझा फोटो. ह्यांनी ते कापून आरशाच्या कडेला लावलं. जव्हारला असले की सकाळी कुंकू लावताना मला माझंच वाक्य तुझ्या तोंडाखाली दिसायचं.

एवढं सगळं सांगते आहे, ते रडगाणं म्हणून नाही. पुढे जे सांगायचं आहे ते कुठून आलं, ते तुला कळावं म्हणून.

या वर्षी चैत्रात तुझं पत्र आलं. मे महिन्यात योजना सभागृहात येणार, सूर्यमाळच्या पाड्यांसाठी दगडी बंधारा मागायचा आहे, तिथे किती घरं आहेत ते स्वतः जाऊन मोजून, शाळामास्तरणीच्या सहीशिक्क्यानिशी कळव. पत्र इंग्रजी छापाच्या जाड कागदावर होतं आणि खाली टंकलेखकाच्या नावाची अक्षरं होती. म्हणजे मला लिहायलाही आता तुला माणूस लागतो. त्याच शनिवारी मी जव्हारला गेले तर हे कुणाशी तरी म्हणत होते की काशीताईंची बुद्धीच वेगळी, आमच्या घरातल्यांनी त्यांच्या पायाशी बसून शिकावं. मी घरात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तेच म्हणाले असते, त्यात त्यांना वावगं काही दिसलं नसतं.

मी सोमवारी सूर्यमाळला चढले. आता तू जव्हारच्या बाजारपेठेतली, आणि गाव सोडूनही तुला इतकी वर्षं झाली, म्हणून सांगते. चैत्रात त्या पाड्यांवर कुणी नसतं. खळं आटोपलं की माणसं खाली उतरतात, कोळशाच्या भट्ट्यांवर, गवताच्या कापणीला, पार वसईच्या बाजूपर्यंत. बायकापोरं, कोंबड्यासुद्धा घेऊन जातात. दाराला काटेरी फांदी लावतात आणि येतात ते पावसाच्या तोंडावर. मागे राहतात त्या चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या, आणि बाळंतपण जवळ आलेली एखादी. त्या म्हाताऱ्यांचा एक नेम आहे. गेलेल्यांची अंगणं त्या रोज झाडतात. पाणी नसलं, पाठ वळत नसली तरी झाडतात. घर ओसाड पडलं असं कुणाला वाटू नये, आणि गेलेला माणूस वाटेत कुठे असेल तिथे त्याला बरं असावं, म्हणून.

पोशी नावाची म्हातारी माझ्याबरोबर फिरली. काठी टेकत पुढे, मी वही घेऊन मागे. प्रत्येक बंद दारापाशी ती थांबायची आणि नाव सांगायची. हे बारक्याचं. हे लाडक्याचं, त्याला दोन पोरगे. हे नवशीचं, ती आषाढात येईल, तिची भिंत मी सारवून ठेवली. त्रेसष्ट अंगणं होती, काशी, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट झाडलेली होती. केरसुणीच्या रेघा मातीत दिसत होत्या. पोशीला वाटत होतं मी सगळं लिहून घेते आहे. मी वहीत काही लिहीत नव्हते. मी चुली बघत होते. सरकारी नमुन्यात लिहिलेलं असतं, एक चूल म्हणजे एक कुटुंब. त्या दिवशी पेटलेल्या चुली अकरा होत्या. खाली येऊन मी तुला लिहिलं, सूर्यमाळ पाडे, एकूण घरं अकरा. सही केली, शाळेचा शिक्का मारला.

चूक झाली असं म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही. त्या दिवशी मला कुणी शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की नमुन्याप्रमाणे मोजलं. पण मनात काय होतं ते सांगते. मला वाटलं होतं, तू सभागृहात अकरा म्हणशील आणि पलीकडच्या बाकावरून कुणीतरी उठेल, म्हणेल, बाई, हा आकडा कुठून आणलात? सगळे हसतील. ते हसणं छापून येईल, कंसात. ह्यांना ते ओट्यावर वाचावं लागेल. एवढंच मला हवं होतं. बंधाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. आणि तू इथली आहेस, तुला शंका यायला हवी होती, पण येणार नाही हे मला ठाऊक होतं. तू विसरली आहेस, यावर मी भरवसा ठेवला.

कुणी उठलं नाही. सरकारची घरांची यादीही माघातच झालेली, तिच्यातही पाडे रिकामेच. तू अकरा हा आकडा असा उचललास की मी वाचता वाचता थक्क झाले. म्हणालीस, जिथे एकेकाळी गाव नांदत होतं तिथे आज अकरा चुली पेटतात, आपण योजना करतो आहोत तोवर डोंगर रिकामे होत आहेत, अकराचं शून्य होण्याची वाट बघायची का? अर्थमंत्र्यांनी उत्तरात तुझं नाव घेऊन सांगितलं की माननीय सदस्यांच्या भाषणाने सभागृह हेलावलं. बाकं दोनदा वाजली. मी तुला खड्ड्यात ढकलायला गेले आणि तू त्यातून खांद्यावर शाल घेऊन बाहेर आलीस. ते पुस्तक मी चुलीत घालणार होते. ह्यांनी हातातून काढून घेतलं, म्हणाले, वेड लागलंय का?

आणि मग भाद्रपदात कचेरीत कागद आला. त्याची नक्कल ह्यांनीच केली. माननीय सदस्यांच्याच म्हणण्याप्रमाणे सदर पाड्यांत अकरा कुटुंबं उरली असून तीही कमी होत असल्याने बंधाऱ्याचा खर्च योग्य ठरत नाही, सबब ते काम दुसऱ्या तालुक्यात घेण्यात येत आहे. तो कागद तुलाही गेला असेल. तू इतक्या कामात, वाचला असशील का कोण जाणे. त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, काशीताईंना हा आकडा दिला कुणी? मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. अजून त्यांना सांगितलेलं नाही. हे पत्र टाकून जव्हारला गेले की सांगणार आहे.

दिवाळी झाल्यावर मी सूर्यमाळला चढले. आता सगळी माणसं घरी होती, धूर दिसत होता, पोरं ओरडत होती. मला पाहून बायका गोळा झाल्या आणि बंधारा कधी होणार म्हणून विचारू लागल्या, कारण पोशीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मास्तरीणबाईने तुमची नावं नेली. पोशी मी जाण्याच्या पंधरा दिवस आधी वारली होती. मला वाटलं होतं काहीतरी थाप मारून खाली यावं. दिल्लीचं काम, वेळ लागतो, असं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण नवशीने मला तिची सारवलेली भिंत दाखवली, म्हातारीच्या हाताची बोटं अजून तिच्यावर आहेत म्हणाली, आणि माझ्याने थाप मारवली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझा हेवाही सांगितला. तो त्यांना कळला की नाही ठाऊक नाही, आकडा कळला. मग नवशी म्हणाली, "बाय, तू मोजलास तवा आमी भट्टीवर होतो. मेलो नव्हतो."

काशी, मी आयुष्यात खूप वाक्यं लिहिली. तुला वापरायला दिली, त्याचा हिशेब मनात ठेवला. असं एक मला कधी लिहिता आलं नसतं. त्या बायका मला मारतील असं वाटलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं. पाणी, सूर्यमाळला, दोन डोंगर उतरून आणलेलं.

आता हे पत्र का, ते. तीन दिवसांपूर्वी भट्टीचा मुकादम ट्रक घेऊन पाड्याखाली आला होता. दरवर्षी याच सुमारास येतो, आणि माणसं उतरतात. यंदा त्यांनी त्याला परत पाठवला. सरकारने येऊन मोजल्याशिवाय आम्ही खाली उतरत नाही, असं सगळ्या पाड्यांनी मिळून ठरवलं आहे. मुकादमाने आठ दिवस दिलेत, नाहीतर तो दुसरीकडची माणसं भरणार, आणि मग यांना उन्हाळाभर काम नाही. घरातली नागली माघापर्यंत पुरेल, पुढे काय ते त्यांनाही माहीत नाही. त्यातले तीन गेले, तेव्हा हे पत्र हाती पडताच माणूस पाठव. दिल्लीचा नको, जव्हारचा चालेल, पण सरकारी सहीचा पाठव. आणि अधिवेशन सुरू आहे तोवर सभागृहात उभी राहून सांग की तू दिलेला आकडा खोटा होता. पुढच्या फाल्गुनात निवडणूक आहे, हे मला कळतं. तुझे विरोधक हे वाक्य भिंतीभिंतीवर रंगवतील, हेही कळतं. म्हणून सहेली वगैरे म्हणू नकोस. पोशेऱ्याच्या शाळेची शिक्षिका तुळशी हिने जाणूनबुजून खोटं लिहून दिलं, असं नावगावासकट सांग. शाळाखात्याकडे माझा कबुलीचा अर्ज या पत्राबरोबरच जातो आहे, नोकरी राहील असं वाटत नाही. तू हे बोललीस तर मोठीच होशील. चूक कबूल करणारी म्हणूनही लोक तुलाच डोक्यावर घेतील, ते मला आत्तापासून दिसतं आहे, आणि खरं सांगू, त्याचाही हेवा वाटतो. वाटू दे. आज सकाळी वरच्या पाड्यावरून निरोप आला, त्रेसष्ट चुली पेटवून लोक दारात बसून आहेत. कामावर जायचं सोडून, नुसते मोजून घ्यायला.

तुझीच,
तुळशी